वण : भरून आलेल्या जखमांची भाषा

पालीच्या बल्लाळेश्वराची कथा गणेशपुराणाच्या उपासनाखंडात आहे आणि अष्टविनायकाला जाणाऱ्या बहुतेकांना ती तोंडपाठ असते. कल्याण शेठ नावाचा वाणी, त्याची बायको इंदुमती आणि त्यांचा लहानगा बल्लाळ. हा मुलगा सवंगड्यांना घेऊन रानात जाई, एका दगडाला गणपती मानून त्याची पूजा करी. घरी परतायची शुद्ध मुलांना राहत नसे. गावकऱ्यांनी कल्याणकडे तक्रार केली. तो संतापून रानात गेला, त्याने पूजा उधळली, दगड भिरकावून दिला, बल्लाळाला रक्त येईपर्यंत काठीने मारले आणि झाडाला बांधून निघून गेला. मग गणपती ब्राह्मणाच्या रूपात आला, त्याने मुलाला सोडवले आणि त्याच्या अंगावरच्या जखमा नाहीशा झाल्या. बापाने फेकलेला तो दगड ढुंढीविनायक म्हणून आजही देवळामागे पुजला जातो. बल्लाळेश्वराच्या आधी त्याचे दर्शन घ्यावे अशी रीत आहे.

या कथेत देवाचा खरा चमत्कार कोणता? जखम भरणे हा चमत्कार नव्हे, ती माणसाची भरतेच. बल्लाळाच्या अंगावर मागमूस उरला नाही, हा चमत्कार. देवाने भरलेल्या जखमेचा वण राहत नाही. आपण माणसे भरून काढतो त्या जखमांचा राहतो. या संग्रहातले सारे लेख अशा राहिलेल्या खुणांवर आहेत, म्हणून त्यांची ओळख करून देताना सुरुवात पालीपासूनच करणे मला योग्य वाटते.

इंग्रजीत या खुणेला ‘स्कार’ म्हणतात. लहानसा, रोजच्या वापरातला शब्द आहे. कपाळावरच्या खोकेपासून युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशापर्यंत कशालाही तो लावतात. त्याचा उगम मात्र शरीरात नाही. तो आहे चुलीत. प्राचीन ग्रीक भाषेत ‘एस्खारा’ म्हणजे घरातली विस्तवाची जागा, शेगडी. तिथे भाजले की कातडीवर काळी खपली धरते, म्हणून ग्रीक वैद्य त्या खपलीलाही एस्खारा म्हणू लागले. लॅटिनने हा शब्द तसाच उचलला, जुन्या फ्रेंचमधून तो चौदाव्या शतकात इंग्रजीत आला आणि वाटेत त्याचा अर्थ सरकत गेला. आधी विस्तव, मग भाजल्याची खपली, आणि खपली पडून गेल्यावर मागे उरते ती खूण. काही व्युत्पत्तिकारांच्या मते, खाच किंवा फट अशा अर्थाचा उत्तर युरोपातला एक वेगळा शब्दही या प्रवासात त्यात मिसळला.

होमरच्या ‘ओडिसी’त एक प्रसंग आहे. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी परतलेल्या ओडिसियसचे पाय धुवायला त्याची म्हातारी दाई युरिक्लिया बसते. तरुणपणी रानडुकराच्या सुळ्याने त्याची मांडी फाटली होती. तिचा वण म्हातारी ओळखेल या भीतीने तो चुलीपासून दूर सरकतो आणि अंधाराकडे तोंड करतो. उपयोग होत नाही, तिचा हात त्या जागेवरून फिरतो आणि ती ओळखते. इथे चुलीसाठी होमरने वापरलेला शब्द एस्खारा हाच आहे, आणि वणासाठी त्याच्याकडे दुसराच शब्द आहे. जगातला सर्वांत प्रसिद्ध वण आणि ‘स्कार’ शब्दाचा पूर्वज असे एकाच जागी बसलेले आहेत, पण त्या काळी त्यांची एकमेकांशी अजून ओळख झालेली नव्हती.

विस्तवाशी असलेले हे नाते जखमांच्या इतिहासात खोलवर गेलेले आहे. रक्त थांबवायला आणि जखम चिघळू नये म्हणून डाग देणे हा शेकडो वर्षे युरोपातला आणि आपल्याकडचाही मान्य उपचार होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे आणि अग्नीने बरा झालेला रोग पुन्हा उद्भवत नाही, असे सुश्रुताचे मत आहे. युरोपात बंदुकीच्या जखमांवर उकळते तेल ओतत. 1537 साली आम्ब्रोज पारे नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याजवळचे तेल रणांगणावर संपले, तेव्हा त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. सकाळी त्याने पाहिले तर लेप लावलेले सैनिक शांत झोपलेले होते आणि तेल ओतलेले तापाने, वेदनेने तळमळत होते. त्या दिवसापासून त्याने माणसांना तेलाने भाजणे सोडले. आपल्याकडे मात्र कावीळ झाली, लहान मुलाचे पोट फुगले, की तापवलेल्या लोखंडाने डाग देणारे अजून सापडतात. मेळघाटात याला ‘डंबा’ म्हणतात. असा डाग दिलेली मुले दवाखान्यात पोचतात तेव्हा मूळ आजार तसाच असतो, आणि भाजलेली जखम वर असते. या प्रथेला परंपरा म्हणून गोंजारणे मला मान्य नाही.

मूळ ग्रीक शब्द आपल्या डॉक्टरांच्या तोंडी अजूनही जिवंत आहे. ‘एस्कार’ म्हणजे मेलेल्या ऊतींची काळी, घट्ट खपली. पावसाळ्यात आणि नंतर रानातून, गवतातून फिरणाऱ्यांना एका बारीक किड्याची अळी चावते आणि स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. 2018 मध्ये नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. या तापात चावल्याच्या जागी, अनेकदा काखेत, जांघेत किंवा कमरेच्या करकोच्याखाली, सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसते. ती दुखत नाही म्हणून रोगी तिच्याविषयी बोलत नाही. डॉक्टरने अंग नीट तपासले तर ती सापडते, आणि डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त औषधाने माणूस वाचतो. न तपासल्यास ‘व्हायरल ताप’ म्हणून दिवस जातात आणि मूत्रपिंडे, फुप्फुसे निकामी होऊ लागतात. खूण वाचता येण्याला किती किंमत आहे, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता मराठी शब्दाकडे येऊ. संस्कृतात ‘व्रण’ म्हणजे जखम, वाहती, ठणकती जखम. प्राकृतातून घासला जाऊन मराठीत तो ‘वण’ झाला आणि रूपाबरोबर त्याचा अर्थही पुढे सरकला. मराठी वण म्हणजे भरून आलेल्या जखमेची खूण. ग्रीकांनी विस्तवापासून सुरुवात केली, आपण जखमेपासून, आणि दोघेही येऊन थांबलो ते कातडीवरच्या त्याच फिकट चकत्यापाशी. मराठीने शेजारी बाकीची कुळेही नीट सांभाळली आहेत. छडीचा उठतो तो वळ, तो दोन दिवसांत जातो. काट्याचा, नखाचा असतो तो ओरखडा. भांड्यावर, काचेवर पडतो तो चरा. कातडीचा रंग बदलतो तो चट्टा. कपड्यावर पडतो तो डाग, आणि चारित्र्यावर पडतो तोही डागच. ‘वण’ चारित्र्यावर पडत नाही. वणात कलंक नसतो, हे मराठी भाषेने फार पूर्वी ठरवून टाकले आहे. त्या निवाड्याशी मी पूर्ण सहमत आहे.

सुश्रुताने व्रणावर साठ उपक्रम सांगितले. सूज उतरवणे, पू काढणे, शिवणे, धुणे, रोपण करणे असा तो क्रम चालतो. पण जखम भरली म्हणजे वैद्याचे काम संपले, असे तो मानत नाही. वणाचा रंग आसपासच्या त्वचेशी जुळावा, तिथे केस परत उगवावेत, उंचवटा बसावा, यासाठीही त्याने उपाय दिले आहेत आणि त्या शेवटच्या टप्प्याला ‘वैकृतापह’ असे नाव दिले आहे. ज्याच्या अंगावर वण आहे त्याला चारचौघांत वावरायचे असते, ही जाणीव त्या प्राचीन ग्रंथात आहे.

वण घडतो तरी कसा? जखम झाली की शरीर घाईने भोक बुजवते. आधी रक्त गोठते, मग पेशी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू टाकू लागतात. मूळ त्वचेत हे तंतू चटईच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. वणात ते बरेचसे एकाच दिशेने, समांतर पडतात. तिथे घामाच्या ग्रंथी परत येत नाहीत, केसांची मुळे येत नाहीत. तीन महिन्यांत वणाची ताकद वाढत जाते, पण ती मूळ त्वचेच्या सुमारे 80 टक्क्यांवर थांबते. उरलेले वीस टक्के कधीच भरून येत नाहीत.

यातली एक गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. वण ही एकदा होऊन संपलेली वस्तू नाही. शरीर ते कोलॅजेन सतत मोडते आणि नव्याने घालते, आयुष्यभर. त्यासाठी क जीवनसत्त्व लागते. 1740 ते 1744 या काळात जॉर्ज ॲन्सन याच्या ताफ्याने जगप्रदक्षिणा केली. ताज्या अन्नाअभावी खलाशांना स्कर्व्ही झाला. 1690 सालच्या बॉइनच्या लढाईत जखमी झालेला एक म्हातारा त्यांच्यात होता. त्याच्या जखमा भरून पन्नास वर्षे लोटली होती, तरी त्या पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या, अशी नोंद त्या प्रवासवर्णनात आहे. म्हणजे त्या माणसाचे शरीर पन्नास वर्षे, रोज, ती जखम बंद ठेवत होते. आमच्या पालीच्या सुधागड तालुक्यातल्या रानात आवळा, करवंद, कैरी यांना तोटा नाही. हे साधे खाणे आपल्या जुन्या जखमांची राखण करते, हे शाळेत शिकवले पाहिजे.

भाजल्याचे वण याहून कठीण असतात. ते आकसतात. चुलीवर, शेकोटीत किंवा भट्टीवर भाजलेल्या मुलाची बोटे तळहाताला चिकटतात, कोपर सरळ होत नाही, हनुवटी छातीकडे ओढली जाते. रायगडातले अनेक कातकरी कुटुंबकबिल्यासह वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, तिथे लहान मुले विस्तवाच्या अवतीभोवतीच वाढतात. भाजल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हात सरळ बांधून ठेवला, व्यायाम करवून घेतला, तर हे आकसणे बरेच टळते. नंतर शस्त्रक्रियेने हात मोकळा होतो, पण त्यासाठी शहर, पैसा आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब मांडावा लागतो. इथे वण केवळ खूण राहत नाही. तो आयुष्याची कमाई ठरवतो.

माझ्या मते महाराष्ट्रातला सर्वांत मोठा वण देवीचा. त्याच्याविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे.

या रोगाला आपण नावच ‘देवी’ दिले. देवी आली, देवी निघाली असे म्हणायचे, रोग हा शब्द उच्चारायचा नाही. घरात कडुनिंबाचे डहाळे, आवाज हळू, आणि शीतलेला नवस. चौलला शीतलादेवीचे जुने, प्रसिद्ध देऊळ आहे. आज तिथे बागांची गर्द सावली बघायला लोक जातात, पण मूळ भक्तीच्या पोटी भीती होती. जे वाचत त्यांपैकी बहुतेकांच्या चेहऱ्यावर खड्डे राहत, कित्येकांचे डोळे जात. लग्न ठरवताना मुलीच्या चेहऱ्यावरचे वण मोजले जात. आणि तरीही त्या वणांना एक दुसरी बाजू होती. ज्याला देवी येऊन गेली त्याला ती पुन्हा येत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून रुग्णाची शुश्रूषा करायला वणांच्या चेहऱ्याचा माणूसच बोलावत.

14 जून 1802 रोजी मुंबईत डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली. भारतात गोस्तनदेवीची, म्हणजे गाईंच्या देवीपासूनची, लस यशस्वीपणे दिली गेली ती पहिल्यांदा या मुलीला. लस आली होती व्हिएन्नाहून बगदाद आणि बसऱ्यामार्गे, आणि शेवटच्या टप्प्यात ती कुपीत आली नव्हती. एका माणसाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर, अशी हातोहात ती मुंबईपर्यंत आली होती. मुंबईतही तेच झाले. ॲनाच्या दंडावरच्या फोडातला द्रव आणखी पाच मुलांना टोचला आणि तिथून ती साखळी हैदराबाद, म्हैसूर, मद्रासपर्यंत पोचली. तिच्याविषयी नोंदींत फार थोडे सापडते, मुलगी आनंदी स्वभावाची होती इतकेच. पण दक्षिण भारतातल्या असंख्य दंडांवरच्या वणांची मूळ पणजी ती आहे.

‘देवी काढणे’ हा आपला क्रियापदाचा प्रयोग त्यातून आला. रोग देवी, आणि त्याला अडवणारी लसही देवीच. स्वातंत्र्यानंतर 1962 मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. गावात देवीचा डॉक्टर आला की आया मुलांना माजघरात, गोठ्यात, कणग्यांमागे लपवत. त्यांना दोष देता येत नाही. त्या काळी टोचायला फिरती चाकी असलेले हत्यार वापरत, ते कातडीत फिरवले की फार दुखे आणि रुपयाएवढा वण राही, काहींच्या दंडांवर दोन-दोन, चार-चार. पुढे दोन टोकांची सुई आली. तिने एकाच जागी भराभर टोचे मारायचे आणि काम झाले. लस कमी लागे, शिकवायला सोपी होती.

या मोहिमेत वण हाच कागद होता. निरक्षर गावांत दाखले कुठून येणार? कर्मचारी घरोघर जाऊन बाही वर करायला सांगत, आणि दंड बघून समजे की याला टोचले आहे की नाही. त्यांच्याजवळ देवी आलेल्या बाळाचे छायाचित्र असलेले कार्ड असे, ते बाजारात आणि शाळेत दाखवून ‘असा रोगी कुठे पाहिलात का?’ असे विचारत. शेवटच्या टप्प्यात नवा रोगी कळवणाऱ्याला 1,000 रुपये बक्षीस होते. भारतातला शेवटचा रोगी मे 1975 मध्ये नोंदला गेला. पण रोग खरोखर गेला हे सिद्ध कसे करायचे? तेव्हा तपासनीसांनी मुलांचे चेहरे पाहिले. ठरावीक वयाखालच्या एकाही मुलाच्या तोंडावर खड्डे नाहीत, म्हणजे त्या मुलाच्या जन्मानंतर त्या भागात देवी आलेली नाही. एप्रिल 1977 मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचे मान्य केले, आणि 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य परिषदेने सारे जग. माणसाने मुळापासून संपवलेला माणसाचा हा एकमेव रोग आहे, आणि त्याच्या अंताचा एक पुरावा म्हणजे वण नसलेले चेहरे.

लस थांबली तसे वणही थांबले. आज आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेल्यांच्या दंडावर देवीचा मोठा, गोल, किरणांसारख्या रेघांचा वण असतो. त्यांच्या मुलांच्या डाव्या दंडावर फक्त बीसीजीचा छोटा ठिपका असतो, क्षयाविरुद्धचा. एका घरातले दंड शेजारी ठेवले तर सार्वजनिक आरोग्याची दोन युगे दिसतात. आणखी काही दशकांनी देवीचा वण असलेला माणूस दाखवायलाही सापडणार नाही. ज्या आजीच्या दंडावर तो आहे तिला, टोचायला कोण आले होते, कुठे लपवले होते, ताप किती दिवस होता, हे आताच विचारून घ्यायला हवे.

गोंदण मी या प्रस्तावनेत मुद्दाम थोडक्यात सोडतो आहे. ठाकर, कातकरी समाजातल्या म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावर, हातांवर ते दिसते, आणि त्याला स्वतंत्र ग्रंथ हवा. तिथे रंग त्वचेच्या आत अडकून राहतो, जखम फक्त त्याची वाट असते. मनावरच्या वणांविषयीही सध्या इतके लिहिले जाते की इथे त्यात भर घालण्याची गरज नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ ‘वण’ हा शब्द ज्या अर्थाने वापरतात तो मला विशेष आवडतो. पान गळून पडले की फांदीवर त्याच्या देठाची खूण राहते, तिला ते पानाचा वण म्हणतात. पपईच्या खोडावर या खुणा ठळक दिसतात. अलिबाग, रेवदंडा, मुरूडच्या वाड्यांतल्या माडांच्या खोडावर खालपासून वरपर्यंत कडी दिसतात, तीही गळून गेलेल्या झावळ्यांचेच वण. वाढत्या माडाला वर्षाला साधारण बारा-चौदा झावळ्या येतात, त्यामुळे कडी मोजून त्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो. आणि वाल! रायगडचा वाल ज्याने बिरड्यासाठी भिजवून सोलला आहे, त्याने दाण्याच्या कडेची पांढरी रेघ पाहिलेली असते. शेंगेत दाणा ज्या जागी आईला जोडलेला होता, तिथली ती खूण आहे. माणसाची बेंबी हीच. आपल्यातल्या प्रत्येकाच्या अंगावरचा पहिला वण तोच, आणि तो जखमेचा नव्हे, पोसले गेल्याचा आहे.

इंग्रजीत ‘स्कार’ नावाचा आणखी एक शब्द आहे. दिसायला तोच, कुळाने वेगळा. उत्तर इंग्लंडमध्ये उघड्या, उभ्या खडकाच्या कड्याला ते स्कार म्हणतात. यॉर्कशरमधला गॉर्डेल स्कार असाच. तो शब्द नॉर्स दर्यावर्दींनी आणला, त्यांच्या भाषेत समुद्रातून वर आलेल्या खडकाला जे नाव होते त्यावरून. यॉर्कशरचा माणूस पालीत उतरला तर तो सरसगडाकडे बोट दाखवून हाच शब्द उच्चारेल. गावाच्या डोक्यावर पगडीसारखा बसलेला तो काळा कातळ, अंबा नदीच्या खोऱ्यातून दुरूनही ओळखू येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांतला हा दगड. त्यात खोदलेल्या उंच, अरुंद पायऱ्या चढताना छिन्नीचे घाव हाताला लागतात. सुधागड तालुक्यातच नाडसूरजवळ ठाणाळ्याची बौद्ध लेणी आहेत, त्यांतले जुने खोदकाम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. दगडाला कोलॅजेन नाही. त्याच्यावरचा घाव भरून येत नाही, म्हणूनच तो आपल्यापर्यंत पोचतो.

पण सह्याद्री सगळा काळ्या कातळाचा नाही. उतारांवर कातळाच्या वर माती आणि मुरमाचा जाड थर बसलेला असतो. दिवसांमागून दिवस कोसळणारा पाऊस त्यात मुरतो, खालचा कातळ पाणी सहज आत घेत नाही, थर जड होतो, आतला पाण्याचा दाब वाढतो आणि एका क्षणी सगळा उतार सुटतो. आपण म्हणतो दरड कोसळली. मागे हिरव्या डोंगरावर वरून खाली लाल पट्टा राहतो. भूशास्त्रज्ञ त्यालाही वण म्हणतात.

रायगड जिल्ह्याच्या अंगावर हे वण ताजे आहेत. 2005 च्या जुलैत महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. 22 जुलै 2021 रोजी त्याच तालुक्यात तळीये गावावर डोंगर आला, 80 हून अधिक माणसे गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी झोपेतच गाडली गेली. तिथे गाडीचा रस्ता नव्हता, बचाव पथके भर पावसात डोंगर चढून गेली, यंत्रे वर नेता आली नाहीत. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. ती ठाकरांची वाडी होती. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नाव नव्हते.

यादीत नाव नसणे हे मला सर्वांत अस्वस्थ करते. डोंगराचा वण माणसाच्या वणासारखा नसतो, हे इथे नीट समजून घेतले पाहिजे. माणसाच्या कातडीवरचा वण सांगतो की संकट येऊन गेले. देवीचा वण तर पुढची हमीही देतो. डोंगरावरचा वण अशी कोणतीही हमी देत नाही. जिथे उतार एकदा सुटला तिथली माती मोकळी असते, झाडे गेलेली असतात, पाण्याच्या वाटा बदललेल्या असतात, आणि त्याच्या शेजारचा उतार बहुधा त्याच दगडमातीचा असतो. जुनी दरड ही पुढच्या दरडीची सर्वांत विश्वासार्ह सूचना आहे. दोन-चार पावसाळ्यांत तिच्यावर गवत चढते आणि पट्टा हिरवा होतो. त्याला आपण भरून आले असे समजतो, आणि तिथेच पुन्हा घराचा चौथरा घालतो.

गवताखालचा हा वण वाचता येतो. एका जागी सगळी झाडे खालच्या अंगाला वाकलेली असतात. उतारावर चंद्रकोरीसारखी भेग गेलेली असते. घराच्या जोत्याला नवा तडा जातो, दार अचानक चौकटीत अडकू लागते. वर्षानुवर्षे स्वच्छ असलेला झरा गढूळ होतो किंवा नव्याच जागी पाणी फुटते. या गोष्टी सर्वेक्षणाला येणाऱ्या पथकाच्या आधी वाडीतल्या गुराख्याला, पाणी भरणाऱ्या बाईला दिसतात. देवीच्या मोहिमेने सामान्य माणसाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, त्याला चित्र दाखवले, कळवणाऱ्याला बक्षीस दिले, आणि जगातून एक रोग घालवला. दरडींच्या बाबतीत तसे फारसे काही आपण अजून केलेले नाही. वाडीतल्या माणसाने पाहिलेली भेग कुठे नोंदवायची, तिची दखल किती दिवसांत घ्यायची, हे प्रत्येक वाडीत फलकावर लिहिलेले असायला हवे.

या संग्रहात पुढे कातडी, झाडे, दगड आणि डोंगर या सगळ्यांवरच्या खुणांविषयी लेख आहेत. वाचक ते कोणत्याही क्रमाने वाचू शकतात. घाईत असलेल्याने देवीवरचा भाग आधी वाचावा, उतारावर राहणाऱ्याने दरडींवरचा. आणि सुधागड, खालापूर, रोहा, महाड, पोलादपूर या तालुक्यांतल्या डोंगरउतारांवरच्या वाड्यांत ज्यांचे घर आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दर वर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, दोघा-तिघांनी मिळून वाडीच्या वरचा उतार चालून बघा. भेग, वाकलेली झाडे, नवे पाणी दिसले तर मोबाइलवर फोटो काढा, तारीख घाला, तलाठ्याला आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवा. अर्जाची पोच मागून घ्या आणि ती जपून ठेवा.